अनुभव धागा: घरी वाळवलेल्या पाल्याचा चहा

गेल्या दिवाळीत मला वाळलेल्या गवती चहाची पुडी मिळाली. सवयीने पातेल्यात पाणी आणि पाला एकदमच टाकून दहा मिनिटं खळखळ उकळलं. घरभर घमघमाट सुटला आणि कपात उरलं पिवळं, चव नसलेलं पाणी. जो वास घरभर गेला तो कपात यायला हवा होता, हे समजायला दोन महिने गेले. आता पाणी उकळलं की गॅस बंद करते, कपामागे एक चमचा पाला टाकते, वर ताटली ठेवते आणि सात मिनिटांनी गाळते. ताटलीच्या आतून जमलेले थेंबही कपात निथळू देते, कारण तेल तिथेच बसतं.

तुम्ही काय वाळवता, कसं करता, काय बिघडलं, सगळं सविस्तर लिहा. ‘आवडीनुसार’ असं नको. चमचे आणि मिनिटं सांगा.

देवरुखहून

आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचं बेट वाढलंय. कापायचा तो मे महिन्यात, मिरग लागला की काही वाळत नाही. पाती धुऊन पुसायची, कात्रीने बोटभर तुकडे करायचे आणि माळ्यावर सुपात पसरायचे. उन्हात अजिबात नको. एका वर्षी मी घाईने कुरडयांशेजारी अंगणात टाकला. दोन दिवसांत कुरकुरीत झाला खरा, पण रंग पेंढ्याचा आणि वासही पेंढ्याचाच. सावलीत आठवडा लागतो. पातं वाकवल्यावर कट्‌कन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर बरणीत भरू नका. मी भरलं होतं. श्रावणात झाकण उघडलं तर आत बुरशी. अख्खी बरणी फेकताना जीव तुटला.

पुण्याहून, वैद्य आहे

आपण पाला आणि लाकूड एकाच मापाने मोजतो, तिथे चुकतं. आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा वनस्पतीपासून औषध करायच्या पाच पद्धती आहेत. वर ताटली झाकून जे केलंय तो फांट: गरम पाणी ओतायचं, मुरू द्यायचं, गाळायचं. तुळस, पुदिना, गवती चहा यांना तो योग्य, कारण त्यांचं उडनशील तेल उकळताना वाफेबरोबर जातं. ज्येष्ठमध, अडुळशाची मुळी, साली यांचा अर्क मात्र नुसत्या मुरण्याने पुरता उतरत नाही. ती भरड कुटून सोळापट पाण्यात मंद आचेवर आटवायची, तो क्वाथ, म्हणजेच आपला काढा. दोन्ही एकत्र हवं असेल तर आधी मुळ्या उकळा, गॅस बंद करा आणि मग पाला टाका.

2020 मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलेलं मिश्रण लक्षात ठेवायला सोपं आहे: तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, मिरी 1. तेव्हा लोकांनी मिरीच चार भाग घातली आणि तोंड आल्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे आले.

पुण्याहूनच, वरच्या वैद्यांना जोडून

ज्येष्ठमधाबद्दल लिहायलाच हवं. माझ्या वडिलांना घशासाठी मी रोज दोन वेळा ज्येष्ठमधाचा काढा देत होते, दीड महिना. गोड लागतो म्हणून तेही आवडीने घ्यायचे. पाय सुजले, रक्तदाब गोळी असूनही चढला. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला: त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम घटतं. काढा बंद केल्यावर काही आठवड्यांत दाब उतरला. घरचं आहे म्हणून मी विचारलं नव्हतं, ते मला अजून सलतं. कुणाच्या घरी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कृपया आधी विचारा.

नागपूरहून

आमच्याकडे लाल अंबाडीचं सरबत सगळ्यांना माहीत आहे, तीच बोंडं वाळवून वर्षभर गरम प्या. थंडी पडू लागली की बोंडं येतात. आतली बी काढून फक्त लाल पाकळ्या वाळवायच्या. चार-पाच पाकळ्या, एक कप पाणी, पाच मिनिटं. आंबट लागतं, गुळाचा खडा घाला. ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र नको, आंबट त्याला खातं. स्टील किंवा काच घ्या.

म्युनिकहून

इथे औषधांच्या दुकानात बडीशेप, ॲनिस (बडीशेपेसारख्याच वासाचं बी) आणि शहाजिऱ्याचा चहा मिळतो, पोट फुगलं की तोच देतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, झाकून दहा मिनिटं ठेवा. मी घरी बडीशेप खलबत्त्यात जरा चेचून तसाच करते. अख्खी टाकली तर दहा मिनिटांतही काही उतरत नाही.

तुळस मात्र आईकडून येते. वृंदावनातली पानं ती द्वादशी सोडून सकाळी खुडते, देवघरात कागदावर वाळवते आणि माझी भारतवारी झाली की कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरून देते. चुरायची नाही, अख्खीच ठेवायची, असं तिने बजावलंय. चुरली की वास लवकर जातो. मी आठवड्याला दोनदाच करते, सहा पानं, पाच मिनिटं, झाकून. पुढची वारी मार्चमध्ये आहे आणि डब्यात अजून चार बोटं पानं आहेत.