बाथरूमचं काम परवानाधारक कंत्राटदाराला द्यावं की नेहमीच्या मिस्त्रीला? मदत हवी आहे

बाथरूममधून खालच्या घराच्या छताला ओल जाते आहे. टाइलच्या सांध्यांत नव्याने ग्राउट भरलं, फरशीवरचं पाणी जाण्याच्या जाळीभोवती सिलिकॉन लावलं, फरक नाही. सगळे नळ बंद ठेवल्यावर पाण्याचा मीटर फिरत नाही, म्हणजे नळांना पाणी आणणारी दाबाची पाइप फुटलेली नसावी. आता फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करायचं आहे आणि सोबत गीझरसाठी स्वतंत्र वायर, अर्थिंग, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच).

नळ, बिजागऱ्या, रंग अशी कामं करणारा आमचा मिस्त्री चोख आहे. तो म्हणतो, सगळं मीच करतो. कंत्राटदार बराच महाग आहे, पण लेखी हमी देतो. ओल्या खोलीतलं वायरिंग परवानाधारक वायरमनच करेल, हे पक्कं आहे. त्यावर पर्याय नकोत. घर स्वतःचं आहे, दुसरं बाथरूम आहे, घाई नाही.

वॉटरप्रूफिंग मिस्त्रीला आणि वायरिंग वायरमनला असं विभागून दिलं, आणि वायरसाठी भिंत फोडताना वॉटरप्रूफिंगचा थर दुखावला, तर जबाबदारी कोणाची? कामांचा क्रम कसा ठेवावा? टाइल बसवण्याआधी पाणी साठवून निदान 24 तास चाचणी घ्यायची आणि त्यानंतरच मोठा हप्ता द्यायचा, ही अट मिस्त्रीकडून लेखी घेतलेलं कुणी आहे का?