सायकॉलॉजीच्या स्टुडंटने असोसिएशनची मेंबरशिप घ्यावी का? कुठली?

टीवायवाली_कोल्हापूर
नमस्कार, मी टीवाय बीए सायकॉलॉजीला आहे, पुढे क्लिनिकलला जायचं डोक्यात आहे. इन्स्टावर एक जाहिरात सारखी येतेय, इंटरनॅशनल मेंबरशिप घ्या, सर्टिफिकेट मिळेल, नावापुढे अक्षरं लावता येतील, फी तीन हजार. वर्गातल्या दोघींनी भरले पण. बाबा म्हणतात आधी पास हो मग मेंबर हो. सीव्हीला खरंच उपयोग होतो का? आणि एपीएचं (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पण ऐकलंय, ते आपल्याला चालतं का?

ठाणेकर७
बाबांचं ऐक 😄 आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, मेंबरशिप वेगळी आणि लायसन्स वेगळं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन लागतं, ते १९९२ च्या कायद्याने आहे, आणि ते मान्यता असलेला कोर्स केल्यावरच मिळतं, पैसे भरून नाही. इतके दिवस लोक एमफिल नाहीतर साय-डी (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) करून तिथे पोचायचे, आता कोर्सेस बदलतायत, त्यामुळे अ‍ॅडमिशन घेताना कॉलेजवाले काय सांगतात ते सोड, आरसीआयच्या साइटवर त्या कोर्सची मान्यता स्वतः बघ. बाकीच्या सायकॉलॉजिस्टसाठी २०२१ चा अलाईड हेल्थकेअरचा कायदा आहे. नावापुढच्या त्या अक्षरांना या दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

एपीएची स्टुडंट मेंबरशिप भारतातून घेता येते, पण ती अमेरिकेतली संस्था, १८९२ ची, तिकडे शिकायला जाणार असशील तर बघ. आपल्या पोरांचा एपीएशी संबंध त्यांच्या पद्धतीने रेफरन्स लिहिताना स्वल्पविराम कुठे द्यायचा एवढाच 😅

पोस्टरवाली
मी थोडं वेगळं सांगते. कार्डाचा उपयोग शून्य पण माणसांचा खूप होतो. एमएला असताना आम्ही तिघी मुंबईत एका कॉन्फरन्सला पोस्टर घेऊन गेलो, एसटीत ती गुंडाळी मांडीवर धरून, कोपरा चेपला तो चेपलाच. डिप्रेशनची एक इंग्रजी स्केल (मोजायची प्रश्नावली) आम्ही घरच्या घरी मराठीत केलेली, त्यात 'शेक ऑफ द ब्लूज' (म्हणजे उदासी झटकणे) होतं त्याचं आमच्यातल्या एकीने 'निळेपणा झटकणे' केलं आणि आम्ही तसंच छापलं!! एक वयस्कर मॅडम आल्या, वाचलं, हसल्या नाहीत, फक्त विचारलं बॅक ट्रान्सलेशन कुणी केलं? आम्ही गप्प. मग त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सगळं समजावलं, मराठीतून परत इंग्रजीत दुसऱ्याकडून करून घ्यायचं, त्याला मूळ स्केल दाखवायची नाही, मग दोन्ही ताडून बघायचं. आमचं डिझर्टेशन त्या दहा मिनिटांवर उभं राहिलं आणि पुढे इंटर्नशिपची चिठ्ठी पण त्यांनीच दिली.

त्यामुळे जवळचं बघ. बॉम्बे सायकॉलॉजिकल असोसिएशन आहे, मराठी मानसशास्त्र परिषद आहे, देशपातळीवर नाओप म्हणजे नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी आहे (१९८९ पासूनची), दरवर्षी वेगळ्या गावात अधिवेशन असतं. स्टुडंटना रजिस्ट्रेशन सहसा स्वस्त असतं. क्लिनिकलवाल्यांची आयएसीपी (इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स) आहे पण तिचा विचार एमएनंतर कर.

उगाच_एक
तीन हजारात कोल्हापूर-मुंबई जाऊन येऊन वडापाव पण होतो. टीवायला कशाचीच मेंबरशिप नको, स्टॅटिस्टिक्स पक्कं कर. मी दोन वर्षं एका संघटनेचा मेंबर होतो, वर्षाला दोन ईमेल यायचे, एक फी भरा म्हणून आणि दुसरा फी भरली नाही म्हणून.

ठाणेकर७
@उगाच_एक हे पण खरंय 😂 म्हणूनच आधी एकदा नुसतं जाऊन बघावं, आवडलं तर फॉर्म भरावा.

टीवायवाली_कोल्हापूर
थँक्यू सगळ्यांना. मैत्रिणींना दाखवलं, एक म्हणाली तिचं सर्टिफिकेट आलंय, त्यात तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय आणि दुरुस्तीचे वेगळे पाचशे मागतायत. पोस्टरताई, बीएचा प्रोजेक्ट पोस्टरला चालतो का? माझा हॉस्टेलच्या मुलींच्या झोपेवर आहे, ४० जणींचा.

पोस्टरवाली
बऱ्याच ठिकाणी चालतो, आधी विचार. गाईडचं नाव घाल, आणि मुलींची लेखी संमती घेतली होतीस ना? ते पहिल्यांदा विचारतील.