हिंदुस्तान युनिलिव्हरचा आरओई एका वर्षात 80 वरून 20 च्या खाली? नफा तर वाढलाय

मिरजकर_एसआयपी
मंडळी नमस्कार. घरी साबण, पावडर, चहा सगळं ह्याच कंपनीचं येतं म्हणून हिचे जुने आकडे काढून बसलो. 2019-20 ला नफा 6,738 कोटी आणि आरओई (भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा) 80 टक्क्यांच्या वर, पुढच्याच वर्षी नफा 7,954 कोटी झाला आणि आरओई एकदम 17 च्या आसपास. दुसऱ्या एका साइटवर त्याच वर्षाचा 29 दाखवतात. धंदा बिघडला म्हणावं तर नफा वाढलाय, मग नक्की झालं काय? आणि 17 खरे धरायचे की 29?

ताळेबंद_वाचक
दादा, अंश सोडा, छेद बघा. आरओई म्हणजे नफा भागिले नेटवर्थ (कंपनीतला भागधारकांचा पैसा, साठलेल्या नफ्यासकट). मार्च 2020 ला नेटवर्थ साधारण 8,000 कोटी होतं, मार्च 2021 ला 47,400 कोटी. मधे 1 एप्रिल 2020 ला ग्लॅक्सोची कन्झ्युमर कंपनी, म्हणजे हॉर्लिक्स-बूस्टवाली, हिच्यात विलीन झाली. पैसे रोख दिले नाहीत, ग्लॅक्सोच्या एका शेअरला हिंदुस्तान युनिलिव्हरचे 4.39 शेअर दिले, आणि ते शेअर पुस्तकात बाजारभावाने धरावे लागतात, त्यामुळे सुमारे 40 हजार कोटी एका दिवसात नेटवर्थमध्ये आले. समोरच्या बाजूला तेवढीच मालमत्ता उभी राहिली, पण त्यात कारखाने-मशीन थोडे, बहुतेक ब्रँड आणि गुडविल (घेतलेल्या कंपनीच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत).

17 आणि 29 चं म्हणाल तर पहिला वर्षअखेरच्या नेटवर्थवर काढलाय, दुसरा सुरुवात आणि शेवट यांची सरासरी धरून. एरवी सरासरी बरी, पण इथे भांडवल वर्षाच्या पहिल्याच दिवशी आलंय, म्हणजे ते वर्षभर कामाला होतं, म्हणून मी 17 च धरीन.

आता ड्यूपाँट पद्धतीने फोडून बघा (अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत 1910 च्या दशकात ही पद्धत बसवली गेली). आरओई = नफ्याचं मार्जिन (नफा भागिले विक्री) × मालमत्तेची उलाढाल (विक्री भागिले मालमत्ता) × (मालमत्ता भागिले नेटवर्थ). मार्जिन दोन्ही वर्षी साडेसतरा टक्क्यांच्या आसपास, जागचं हललं नाही. उलाढाल जवळपास 2 पट होती ती 0.67 झाली, तिसरा आकडा 2.4 वरून 1.4. म्हणजे साबण विकून पैसे कमवायची ताकद जशीच्या तशी आहे.

सातारा_व्हॅल्यू
म्हणूनच मी असल्या केसमध्ये गुडविल वजा करून आरओई काढतो, धंद्याची खरी कमाई तीच. अजून पुरावा हवा तर ईपीएस, म्हणजे शेअरमागचा नफा बघा, 31 रुपये होतं ते 34 झालं.

ताळेबंद_वाचक
साताराभाऊ, धंदा कसा चाललाय एवढंच बघायचं असेल तर गुडविल काढा, पण मॅनेजमेंटने भागधारकांचे पैसे कसे वापरले हे तपासायचं असेल तर ते आत ठेवायलाच पाहिजे. शेअर साधारण 216 कोटींचे 235 कोटी झाले, युनिलिव्हरचा स्वतःचा हिस्सा 67 टक्क्यांवरून 62 च्या खाली आला. म्हणजे जुन्या भागधारकांनी कंपनीचा खराखुरा तुकडा देऊन हॉर्लिक्स घेतलंय, ती किंमत नाहीच असं कसं धरणार? मी दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवतो.

उलटी केस नेस्लेची. 2019 ला त्यांनी साठलेल्या रिझर्व्हमधून शेअरमागे 180 रुपये खास डिव्हिडंड वाटला, नेटवर्थ जवळपास निम्मं झालं आणि आरओई 100 च्या वर गेला. मॅगी काही एका वर्षात दुप्पट विकली गेली नव्हती.

निवृत्त_बँकवाला
चांगली चर्चा चाललीय, फक्त बँका आणि एनबीएफसीला (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांना) हे जसंच्या तसं लावू नका. तिथे सगळा खेळ तिसऱ्या आकड्याचा, म्हणजे लिव्हरेजचा (मालमत्ता नेटवर्थच्या किती पट). मालमत्तेवर 2 टक्के कमावणारी बँक 8 पट लिव्हरेजवर 16 टक्के आरओई दाखवते, आणि 1 टक्काच कमावणारी बँक 16 पट उचलून तेच 16 दाखवते, पण कर्जं बुडायला लागली की दुसरीचं भांडवल आधी धुऊन निघतं. येस बँकेचा आरओई 2017-18 ला 17-18 टक्के होता, मार्च 2020 ला मोरेटोरियम (पैसे काढण्यावर बंधन) लागला. बँक असेल तर आधी आरओए (मालमत्तेवरची कमाई) आणि एनपीए (थकलेली कर्जं), मग आरओई.

मिरजकर_एसआयपी
सगळ्यांचे मनापासून आभार, छेदाकडे लक्षच गेलं नव्हतं. एकच शंका, 80 टक्के आरओई होता तेव्हा शेअर घेणाऱ्याला 80 टक्के परतावा मिळत होता का?

ताळेबंद_वाचक
नाही हो. तो परतावा कंपनीच्या पुस्तकातल्या रुपयावर, तुम्ही मोजता बाजारभाव. मार्च 2021 ला भाव 2,400 च्या आसपास आणि ईपीएस 34, म्हणजे तुमच्या पैशावर कमाई दीड टक्क्याच्याही खाली. पुढचं सगळं नफा किती वाढतो त्यावर, आणि ही कंपनी नफ्यातला बहुतेक भाग डिव्हिडंड म्हणून वाटून टाकते, त्यामुळे आरओई कितीही मोठा असला तरी त्या दराने परत गुंतायला पैसा आत उरतच नाही. पाच-सात वर्षांत नेटवर्थ किती वाढलं आणि त्याच काळात नफा किती वाढला, ह्या दोन वजाबाक्या करून नफ्यातल्या वाढीला नेटवर्थमधल्या वाढीने भागा, नव्या रुपयावर काय मिळतंय ते कळेल. हिंदुस्तान युनिलिव्हरचा 2021 नंतरचा काढून इथे टाका, बघू.