बारा सूर्यनमस्कार आणि नऊला झोप, एवढ्यात पोरं घडतात म्हणे!

विश्रामबागकर:
काल इथं एका ताईंनी लिहिलं की संध्याकाळी पोरांना ग्राउंडवर नेऊन सोडणारे आईबाप स्वतःची राहिलेली हौस भागवून घेतात, टीममध्ये जाऊन पोरं सर्दी, शिव्या आणि जळकेपणा एवढंच शिकतात, त्यापेक्षा घरात बारा सूर्यनमस्कार घाला, दूध द्या, नऊला झोपवा, विषय संपला. खाली सगळे 'अगदी अगदी' करत सुटलेत. डोक्यातनं जाईना म्हणून लिहायलोय, लांब झालं तर झालं.

अहो ताई, बारा नमस्कारांना पाच मिनिटं लागतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ते १७ वयाच्या पोरांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी हालचाल पाहिजे, शिवाय आठवड्यातनं तीन दिवस हाडांना-स्नायूंना ताण बसेल असं काहीतरी. मग राहिलेली पंचावन्न मिनिटं दूध पिऊन भरून काढायची का?

मी कुपवाड एमआयडीसीत, बायको बँकेत. आमच्याकडं वेळ उतू चाललाय म्हणून पोरगं कबड्डीला जात नाही, वेळ नाही म्हणूनच जातं, घरी बसलं तर आजीच्या मोबाईलवर रील्स बघत बसतं. पण ते सोडा. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्यातल्या कुणीतरी समोरचा गडी मारला तरच आत येतो, ते पण ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं. आमच्या लाडोबाला घरात सगळं पहिलं लागतं. तिथं रेषेबाहेर उकिडवा बसून गुडघ्यावरची माती खरवडत दुसऱ्याच्या चढाईकडं डोळे लावून बसतो, आणि त्याच्याआधी बाद झालेला बारका आत गेला की मग ह्याचा नंबर. हे घरात सतरंजीवर कसं शिकवायचं तेवढं सांगा.

मिरजेची_लेक:
ती ताई मीच. पोराला ग्राउंडवर कोण सोडतं आणि कोण आणतं ते तुम्ही एवढ्या लांब पोस्टमध्ये सोयीनं गाळलंय बघा. माझं मेडिकलचं दुकान आहे, नवरा पुण्याला, शनिवारी येतो. साडेपाचला शटर ओढायचं म्हणजे नेमकी दवाखाने सुटायची वेळ, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. ते पण केलं मी, पोरीसाठी. तिथं कोच म्हणवणाऱ्या माणसानं दहा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर 'गाडी जड झाली' म्हटलं. महिनाभर रात्री अर्धी चपाती खाऊन उठायची, विचारलं की भूक नाही. आणि मुलींच्या बाथरूमला कायम कुलूप. लागायला नको म्हणून पोरी पाणीच पीत नव्हत्या, दोन दोन तास उन्हात. मी भरलेली बाटली द्यायची आणि भरलेलीच परत यायची. तुमचं पोरगं भिंतीकडं तोंड करून मोकळं होत असेल, म्हणून तुम्हाला कबड्डीत तत्त्वज्ञान दिसतं.

विश्रामबागकर:
कोच वाईट निघाला म्हणून खेळच वाईट का? मग एक मास्तर छडी मारतो म्हणून शाळा बंद करायच्या.

मिरजेची_लेक:
बाथरूमबद्दल एक शब्द नाही. ठीक.

गणपतीपेठेतले_काका:
तुम्ही दोघं पण फी भरून भांडायलाय. आम्हाला कसले कोच आणि कसला क्लास. पाठीला सुका भोपळा बांधायचे आणि द्यायचे कृष्णेत ढकलून. चार दिवस नाकातोंडात पाणी, मग भोपळा सुटायचा. सरकारी घाटावरनं उडी मारून पलीकडं सांगलवाडीला जायचं, तिथं कणसं खायची आणि परत. सर्दी नाही, अ‍ॅलर्जी नाही, काही नाही. आजची पोरं पाऊस बघितला की शिंकतात. आईबापांना वेळ नाही म्हणे, आमच्या आईबापांना तर आम्ही कुठल्या इयत्तेत आहे ते पण माहीत नसायचं.

भडंग_स्पेशल:
काका आता ढकला बघू नदीत, खाली मगर स्वागताला हजर 😂

गणपतीपेठेतले_काका:
मगर तेव्हा पण होती. माणसाच्या वाटेला जात नव्हती.

औदुंबरफाटा:
काका, राग मानू नका पण हे असलं बोलूच नका. आमच्याकडं भिलवडी, औदुंबर पट्ट्यात लोकांनी माणसं गमावल्यात. मगर थंडीत काठावर ऊन खात पडलेली दिसते तेवढीच लोकांना माहिती, पण फेब्रुवारीनंतर काठच्या मातीत अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं निघतात, तेव्हा मादी घरट्याजवळनं हलत नाही. आणि उन्हाळी सुट्टी नेमकी कधी असते? मोटार चालू करायला माणूस नदीला उतरतो तेव्हा आधी काठी आपटतो आमच्याकडं, आणि तुम्ही पोरांना उड्या मारायला सांगायलाय.

गणपतीपेठेतले_काका:
मग वनखात्यानं धरून न्याव्यात की.

औदुंबरफाटा:
१९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. मनात आलं आणि धरली असं होत नाही. आणि नेऊन सोडणार कुठं, तुमच्या गणपती पेठेत?

हळदबाजार_७७:
मगरीचं काय घेऊन बसलाय, गावाची घाण कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचं बोला. माझं अख्खं आयुष्य शेरीनाला वळवणार वळवणार ऐकण्यात गेलं. त्या पाण्यात मगर कशी जगती ह्याचंच नवल. पोरगं बुडणार नाही हो, आधी कावीळ होईल.

कंदी_पेढा_सातारा:
सांगलीकरांनो, तुम्ही नदीत मगर, नाल्यात घाण करत बसा. आम्ही पहाटे अजिंक्यतारा चढतो, फुकट, ना फी ना क्लोरीन. २०१२ पासून हिल मॅरेथॉन आहे, यवतेश्वरच्या चढाला धावायला देशभरातनं लोक येतात.

भडंग_स्पेशल:
आले सातारकर. हिल मॅरेथॉनच्या नंबरासकट डीपी लावल्याशिवाय तुमच्यात लग्न जमत नाही असं ऐकलंय.

कंदी_पेढा_सातारा:
डीपी राहू दे, पदकं मोजू. अदिती स्वामी, २०२३ ची तिरंदाजीतली वर्ल्ड चॅम्पियन, १७ व्या वर्षी. ललिता बाबर, आमच्या माणमधल्या मोहीची, रिओत स्टीपलचेसच्या फायनलला. खाशाबा तर सोडाच, १९५२ चं ऑलिम्पिक ब्राँझ.

भडंग_स्पेशल:
संकेत सरगर, २०२२, बर्मिंगहॅम, वेटलिफ्टिंग ५५ किलो, कॉमनवेल्थचं सिल्व्हर. वडलांची पानटपरी. आणि स्मृती मंधानाचं नाव घ्यायची गरजच नाही. नाद करायचा नाय.

तीस_वर्षं_पीटी:
हे बघा, इथंच सगळं बिघडतं. दोन्ही जिल्ह्यांची मिळून पाच नावं घेतली की तुमचा खेळावरचा विषय संपतो. मी तीस वर्षं पीटी घेतली. माझ्या तासाला गणिताचे सर दारात उभे, 'सर, आजचा तास देता का, पोर्शन राहिलाय'. दिला. तीस वर्षांत एका गणिताच्या सरांनी मला तास परत दिलेला नाही. ग्राउंड लग्नाला, ग्राउंड सेलला, ग्राउंड सभेला. मांडव गेला की मागं राहिलेले खिळे आणि सुतळ्या मी आणि आठवीची पोरं वेचणार, मग पोरं अनवाणी खो-खो खेळणार.

आणि पालक? पाचवी ते नववी तोंड दाखवत नाहीत. दहावीत गेलं की हजर, 'सर, एखादं जिल्हा पातळीचं सर्टिफिकेट मिळेल का, ग्रेसचे मार्क मिळतात म्हणे.' खेळलाय का कधी? 'खेळतो की, अपार्टमेंटमध्ये.' सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे हे सगळ्यांना पाठ, खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं दोन खांबांच्या मध्ये दिशा बदलली की फाऊल, हे एकाला माहीत नाही. परवा शाळेच्या मॅचला एक वडील रेषेवर येऊन पंचाला शिव्या द्यायला लागले. बारा वर्षांखालच्या मुली होत्या हो. त्यांची स्वतःची मुलगी खाली मान घालून बुटाची लेस सोडत होती, परत बांधत होती. शिव्या टीममध्ये शिकतात म्हणे! त्या रेषेच्या बाहेरनं येतात.

विश्रामबागकर:
सर, मी तसला पालक नाही.

तीस_वर्षं_पीटी:
तसले पालक पण असंच म्हणतात.

बालरोगवाला:
डॉक्टर म्हणून दोनच गोष्टी, मग जातो. ताईंची झोप शंभर टक्के बरोबर आहे, ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते. रात्री साडेदहाला टर्फवर फुटबॉल खेळून येणारी पोरं सकाळी सातच्या शाळेत बसतात, ती बसत नाहीत, डुलक्या घेतात. पण सूर्यनमस्कार घरात घातल्यानं बाहेरचा उजेड मिळत नाही, आणि पोरांना चष्मा लागण्याशी बाहेर किती वेळ जातो ह्याचा सरळ संबंध आहे. बाहेर काढा, कशासाठी पण काढा. आणि ते पाणी न पिण्याचं. मी मुलींमध्ये लघवीचं इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठता आठवड्याला बघतो, अर्ध्या वेळा आईला माहीतच नसतं की पोरगी शाळेत लघवीला जातच नाही. त्या बाटलीकडं ताईंचं लक्ष गेलं, बहुतेकांचं जात नाही.

हळदबाजार_७७:
डॉक्टर, क्लोरीनवाल्या पोहायच्या टँकनं कान फुटतात ते खरं का? माझ्या पोराचा फुटलाय. टँकवाल्याला विचारलं तर म्हणतो तुमच्या पोराचा कानच तसला.

बालरोगवाला:
कान बघितल्याशिवाय सांगता येत नाही. कानातलं पाणी कोरडं करा, काडी घालू नका. आणि तो पाण्याची पीएच तपासतो का ते विचारा.

हळदबाजार_७७:
तो फक्त फी तपासतो.

गणपतीपेठेतले_काका:
म्हणून म्हणतो नदी बरी.

औदुंबरफाटा:
काका!!

गणपतीपेठेतले_काका:
ओरडू नका. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला ५७ फुटांवर पाणी होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्या गल्लीत पहिला मजला पाण्यात. तेव्हा ज्यांना पोहता येत होतं ती पोरं दोरी कमरेला बांधून म्हाताऱ्यांपर्यंत दूध पोचवत होती. बारा सूर्यनमस्कारवाला आणि कबड्डीवाला दोघं पण गच्चीवर बसून हेलिकॉप्टर बघायलेले. ह्या गावात पोहणं म्हणजे खेळ नाही. तुमच्या टँकमध्ये शिकवा, कान फुटू दे, पण शिकवा.

औदुंबरफाटा:
टँकमध्ये म्हणालात ना, मग माझं भांडण नाही. पुराच्या पाण्यात मात्र पोहता येणाऱ्यानं पण उतरू नये, ओढ कळत नाही आणि मगरी तेव्हा शेतात, गल्लीत कुठं पण पसरलेल्या असतात. तुमची दूधवाली पोरं नशिबानं वाचली.

गणपतीपेठेतले_काका:
त्यातलं एक माझं होतं.

मिरजेची_लेक:
मगरी झाल्या असतील तर मूळ विषयावर येऊ का? दादा, तुमची ती बाद होऊन रांगेत बसायची गोष्ट मला पटलीय, सांगायला जीव जातोय पण पटलीय. आमची एकुलती आहे, घरात तिला थांबायला कुणी लावतच नाही. पण मी तिला परत त्या माणसाच्या हाताखाली देणार नाही आणि रोज शटर पण ओढणार नाही. कबड्डी एवढी चांगली असेल तर आठवड्यातनं दोन दिवस तुम्ही माझी पोरगी आणता का तुमच्या पोराबरोबर?

विश्रामबागकर:
माझी शिफ्ट बदलती असते ताई.

मिरजेची_लेक:
म्हणजे सोडतं कोण ते कळलं. वहिनींना नमस्कार सांगा.

भडंग_स्पेशल:
🔥🔥

विश्रामबागकर:
सेकंड शिफ्ट नसली की मीच सोडतो! उगाच काहीतरी.

तीस_वर्षं_पीटी:
भांडणं पुरेत. मी रविवारी सकाळी सातला खो-खो घेतो, रिटायर झालोय तरी. फी नाही, सर्टिफिकेट पण नाही, वजनावर कुणी बोललं तर त्याला ग्राउंडच्या बाहेर. मिरजेपासनं लांब नाही, ताईंना पत्ता मेसेज करतो. रविवारी दुकान उशिरा उघडत असेल. बाकीच्यांनी ज्ञान देण्यापेक्षा फक्की आणावी, मागच्या वेळी रेषा रांगोळीनं मारल्या.

हळदबाजार_७७:
फक्की मी आणतो, गोदामात पोतं पडून आहे.

मिरजेची_लेक:
सर, मुलींचं बाथरूम उघडं असतं का?

तीस_वर्षं_पीटी:
आहे बाथरूम. किल्ली शिपायाकडं असते.

मिरजेची_लेक:
रविवारी शिपाई असतो का?

तीस_वर्षं_पीटी:
रविवारी तो गावाला जातो.

मिरजेची_लेक:
मग ह्या रविवारी नाही. किल्ली तुमच्या हातात आली की मेसेज करा.