मदत हवी: एसीचा कॉम्प्रेसर घुर्रर्र करतो, टक् होतं आणि गप्प

मंडळी, ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आलाय, खोली गच्चीखालची, आणि आईच्या खोलीतला एसी परवापासून रुसलाय. दीड टनी स्प्लिट, साधा (इन्व्हर्टर नाही), सात वर्षांचा.

रिमोटला टूं होतं, आतला पंखा वारा देतो. तीनेक मिनिटांनी बाहेरचा पंखा फिरायला लागतो, सोबत कॉम्प्रेसर पाच-सात सेकंद घुर्रर्र करतो, मग टक्. कॉम्प्रेसर बंद, पंखा मात्र फिरतोच आहे. थोड्या वेळाने परत तेच. फिल्टर धुतले, रिमोटचे सेल बदलले, एमसीबी पडत नाही. रात्री दहानंतर लाइन १८० व्होल्टपर्यंत उतरते हे खरं, पण दुपारी २२५ असतानाही हेच रडगाणं.

मेकॅनिक आला. लांबूनच आवाज ऐकला, "कंप्रेसर गया" म्हणाला, नऊ हजार सांगितले. झाकणसुद्धा उघडलं नाही हो! काय करू?

प्रतिसाद: पैसे देऊ नका इतक्यात. पहिली तीन मिनिटं ठीक आहेत, तो मुद्दाम ठेवलेला थांबा असतो. टक् म्हणजे ओव्हरलोड (कॉम्प्रेसरला जळण्यापासून वाचवणारा स्विच) तुटला: मोटर अडली, करंट वाढला, तो गरम होऊन सुटला. निवला की परत जोडतो. मोटर अडायला कॉम्प्रेसर जाम असावा लागतो किंवा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा डबा) मेलेला. उन्हाळ्यात बहुतेक कपॅसिटरच निघतो.

धागाकर्ता: कपॅसिटर गेला असता तर पंखा कसा फिरला असता?

प्रतिसाद: पंख्याचा वेगळा असतो, छोटा. काही युनिटांत दोन्ही एकाच डब्यात असतात, तिथेही एक बाजू मरते, दुसरी जगते. कपॅसिटरचं डोकं फुगलंय का बघायला सांगा. मीटरवर मोजायचा, ५० (मायक्रोफॅरड) छापलं असेल तर ४५ च्या खाली गेलेला फेकायचा. तो ठीक निघाला तरच कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवर (कॉमन, रन, स्टार्ट) ओहम घ्यायचे. कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्ट यांची बेरीज रन-स्टार्टइतकी आली, आणि कुठलीही पिन बॉडीला लागत नसेल, तर वाइंडिंग (मोटरच्या तारेची गुंडाळी) शाबूत. आणि हे तुम्ही स्वतः करू नका. लाइन काढली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि पेचकस टेकवून ठिणगी पाडणारे उस्ताद आपल्याकडे कमी नाहीत. तो चार्ज रेझिस्टर लावूनच उतरवायचा.

धागाकर्ता: दुसरा माणूस आणला, मीटरवाला. छापलेलं ५०, निघाले १९! वरून अजिबात फुगलेला नव्हता. नवा टाकला, मजुरीसकट सहाशे, पहिल्या झटक्यात सुरू. आता लाइन उतरायच्या आत नऊलाच लावून ठेवतो. आईला थंडी वाजते, ती तक्रार वेगळी.