रियुनियनचा माफात ट्रेक: चार दिवस पुरतील का, गाइड घ्यावा का?

कातळवाट (प्रश्न)

ऑगस्टमध्ये मॉरिशसहून पुढे रियुनियनला, म्हणजे हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटावर, जायचं ठरतंय. पाच जण आहोत, सगळे सह्याद्रीत नियमित फिरणारे, त्यातले दोघं शाकाहारी. चालायला चार दिवस आहेत. कोल दे ब्यो खिंडीतून माफात या कड्यांनी वेढलेल्या खोऱ्यात उतरायचं, ला नुव्हेल आणि मार्ला या गावांत मुक्काम, मग ताईबी खिंडीतून शेजारच्या खोऱ्यातलं सिलाओस गाव आणि शेवटी बेटाचं सर्वोच्च शिखर पितों दे नेज, असा बेत आहे. गाइड लागतो का? आणि नुसतं चालून न येता तिथलं गावातलं जगणं नीट बघायचं असेल तर काय करावं?

घाटमाथा

आधी व्हिसा. बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये नाही. युरोपचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) इथे आपोआप चालेल असं धरू नका, रियुनियनसाठी काय लागतं ते वेगळं तपासा. तिकिटं काढण्याआधी हे मार्गी लावा.

आता दिवस. चार दिवसांत पितों दे नेज बसत नाही. पहिल्या दिवशी कोल दे ब्यो (1,956 मीटर) वरून ला नुव्हेल, साधारण 500 मीटर उतार, दोन-अडीच तास. दुसऱ्या दिवशी मार्ला. हे गाव 1,600 मीटरच्या वर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर लोक राहतात. तिसऱ्या दिवशी ताईबी खिंड (2,081 मीटर) चढून सिलाओसच्या बाजूला डांबरी रस्त्यापर्यंत 800 मीटरहून जास्त उतार. गुडघे तिथे बोलायला लागतात, कारण वाट म्हणजे उंच लाकडी-दगडी पायऱ्यांची रांग. काठ्या घेतल्याच पाहिजेत. चौथ्या दिवशी सिलाओसजवळच्या ल ब्लोक (1,380 मीटर) इथून, जिथे शिखराची वाट सुरू होते, काव्हेर्न द्युफुरच्या मुक्कामघरापर्यंत (2,479 मीटर) आणि पाचव्या दिवशी पहाटे माथा, 3,070 मीटर. मग त्याच दिवशी ल ब्लोकपर्यंत 1,690 मीटर खाली. एक दिवस वाढवा, नाहीतर माथा सोडा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. तिथल्या पाट्यांवर तास लिहिलेले असतात आणि ते खरे असतात. पांढरा-लाल पट्टा म्हणजे वाट बरोबर, त्याच रंगांची फुली म्हणजे चुकीची.

आणि गाडी! भाड्याची गाडी कोल दे ब्योच्या पार्किंगमध्ये लावलीत, तर शेवटी तुम्ही सिलाओसमध्ये आणि गाडी डोंगरापलीकडे. रस्त्याने परत जायचं तर आधी किनाऱ्यावर उतरून बेटाला वळसा घालून पुन्हा वर. सोडायला-आणायला गाडी ठरवा. सिलाओसच्या रस्त्याला चारशे वळणांचा रस्ता म्हणतात, गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी.

शेवग्याचा पाला

शाकाहाराचं सांगते. मुक्कामघराला तिथे झीत म्हणतात. रात्री सगळ्यांना एकच जेवण: भात, ‘ग्रें’ म्हणजे शिजवलेली कडधान्यं किंवा मसूर, कारी (रस्सा) आणि रुगाय (तिखट तोंडीलावणं). कारी बहुतेक वेळा कोंबडीची किंवा सॉसेजची. टोमॅटोचा रुगाय मात्र आपल्या कोशिंबिरीच्या जवळचा: टोमॅटो, कांदा, आलं, मिरची. बुकिंग करतानाच ‘सां व्यांद, सां प्वासों’ (मांस नको, मासे नकोत) लिहून कळवा. गोची कडधान्यात आहे. त्यात कधीकधी बुकाने, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस घालतात आणि त्यांच्या लेखी ते साधं कडधान्यच असतं. ‘सां बुकाने’ असं वेगळं विचारा.

पालेभाजीला ब्रेद म्हणतात. ब्रेद मुरुंग म्हणजे शेवग्याचा पाला. हळदीला तिथे ‘साफ्रां’ म्हणतात, त्यामुळे साफ्रां म्हटलं की केशर समजू नका. कढीपत्त्याला कालुपिले, मसाल्याला मासाले. हे शेवटचे दोन शब्द करारावर उसाच्या मळ्यांत आणलेल्या तमिळ मजुरांबरोबर आले. चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडलं की हळद, आलं, लसणाचा वास येतो आणि ओळखीचं घर वाटतं.

माफातमध्ये रस्ताच नाही. सिमेंट, गॅस, तांदूळ, सगळं हेलिकॉप्टरने किंवा पाठीवर. म्हणून तिथे सामान महाग पडतं, घासाघीस करू नका. एटीएम नाही, रोख युरो न्या. वीज सौर पॅनेलवर, तेव्हा पॉवर बँक न्या. कचरा आपला आपण परत आणायचा.

तिसरा कडा

गाइड सक्तीचा नाही आणि कोरड्या हवेत वाट सापडते. तरी तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी घ्याच. गावात क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली स्थानिक बोली) आणि फ्रेंच बोलतात, इंग्रजीवर फार विसंबू नका. हे गाव इथे का आहे, ते बोलल्याशिवाय कळत नाही. गुलामीतून पळालेले लोक या कड्यांत लपले. माफात हे नावच अशा एका नायकाचं मानलं जातं. गुलामी संपली 20 डिसेंबर 1848 ला, आणि तो दिवस आजही मालोया या तिथल्या लोकसंगीताच्या गाण्यांनी साजरा होतो. कायाम्ब नावाचं सपाट खुळखुळ्यासारखं वाद्य उसाच्या तुऱ्याच्या काड्यांचं असतं, आत बिया. ठरवताना गाइडकडे पर्वत-मार्गदर्शकाचं सरकारमान्य ओळखपत्र आहे का ते पाहा.

सह्याद्रीवाल्यांनी एक सवय मोडावी. ज्या तप्त ठिपक्याने (हॉटस्पॉट, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याची जागा) सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला दख्खनचा बेसाल्ट ओतला, त्यानेच हे बेट घडवलं. म्हणून खडक ओळखीचा वाटतो. पण माफातच्या उतारांवर बराचसा कोसळून साचलेला ढिगारा आहे, हाताला येईल तो दगड धरून चढायचा भरवसा इथे नाही. पावसानंतर दरडी येतात आणि वाटा बंद होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी वनखात्याची बंद वाटांची यादी तपासा.

सकाळी सहाला निघा. दहा-अकरानंतर ढग दरीत भरतात आणि काही दिसत नाही. ऑगस्ट हा तिथला कोरडा हिवाळा. द्युफुरला रात्री पारा शून्याच्या आसपास येतो, तेव्हा जाड जॅकेट, टोपी आणि हातमोजे घ्या.

कातळवाट

पाचवा दिवस वाढवतोय. पाणी वाटेत मिळतं का?

घाटमाथा

गावांत मिळतं, पण पावसानंतर गढूळ होतं. गाळणी किंवा गोळ्या ठेवा. मार्ला ते सिलाओस या टप्प्यावर माणशी दोन लिटर घेऊन निघा, मधल्या भागात भरवशाचं पाणी नाही. उतरताना त्र्वा सालाझ वस्तीवर काढा विकतात, चढणाऱ्यांसाठी त्याला ‘लिफ्टचा काढा’ म्हणतात. तिथे दहा मिनिटं थांबा, गुडघ्यांनाही विश्रांती.