‘वकील परवडत नाही, मग न्याय कुठला?’ असं एका पोस्टमध्ये विचारलंय.
गरिबाला वकील परवडतच नाही, हे त्यातलं म्हणणं अर्धंच खरं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला, कोठडीतल्या माणसाला, अनुसूचित जाती-जमातीतल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आमच्या धुणंभांडीवाल्या मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं! मिळाला एकदाचा वकील. पण तारखेचं काय? पुण्यात हडपसरहून दोन बस बदलून शिवाजीनगर कोर्ट गाठायचं, चार घरी खाडा, डबा बाकावर बसून खायचा, आणि तीन वाजता कळतं, जज्जसाहेब रजेवर. पुढची तारीख दीड महिन्यानं. त्या खाड्याचे पैसे कुठलं कलम देतं?